पैनगंगेचं पाणी

नाण्याला दोन बाजू असतात, असं आपण सहज म्हणून जातो. हिमायतनगर तालुक्यात पैनगंगेकाठी ते पिकावर बेततं.

ही नदी म्हणजे मराठवाड्याची शीव, पलीकडं विदर्भ. स्वातंत्र्यापूर्वी अलीकडं निजामाचा अंमल, पलीकडं इंग्रजांचा. पाणी मात्र दोघांचं एकच. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा भरात आला, की नांदेड-यवतमाळची माणसं पोराबाळांसह लोटतात, तुषार अंगावर घेतात. तोच लोंढा काठच्या काळ्या रानात शिरतो. पूर ओसरला की सोयाबीन चिखलानं माखून आडवं झालेलं, कपाशीची मुळं कुजलेली, बांध वाहून गेलेला.

धबधबा पाहायला जाऊ नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. ते वैभव डोळे भरून पाहावंच. पण ‘यंदा काय मस्त पाणी आहे!’ हे वाक्य काठच्या शेतकऱ्यासमोर तरी ओठांवर आवरावं. त्याचंही नदीशी वैर नाही. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, गुराढोरांचे हाल होतात. तेव्हा इसापूर धरणाचं पाणी नदीत सोडा, म्हणून निवेदन घेऊन तहसीलची पायरी चढणारी माणसं याच काठची असतात.