उरलेल्या जागा आणि पाचारण

वैद्यकीय पदवी हाती आली की मनुष्य डॉक्टर झाला, असे आपण समजतो. अमेरिकेत एवढ्याने भागत नाही. तेथे पदवीनंतर रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घेतल्याखेरीज स्वतंत्रपणे वैद्यकी करता येत नाही. ते प्रशिक्षण कोणाला कोठे मिळावे, हे १९५२ सालापासून एका राष्ट्रीय जुळणीने ठरत आले आहे. उमेदवार आपल्या पसंतीचा क्रम लिहितो, रुग्णालये त्यांचा लिहितात आणि दोन्ही याद्यांचा मेळ घातला जातो. आपल्याकडील स्थळे जुळवण्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार! भारतात शिकलेले अनेक तरुणही त्यात असतात. २०२४ च्या जुळणीत अमेरिकेतील एम.डी. महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ९३ हून अधिकांना जागा मिळाली. अन्य देशांत शिकलेल्या परदेशी उमेदवारांत हे प्रमाण शेकडा ५८ च्या आसपास होते.

ज्याची जुळणी होत नाही त्याला मार्चमधील एका सोमवारी तसे कळते आणि त्याच आठवड्यात रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी धडपड करावी लागते. पूर्वी यासाठी दूरध्वनी व फॅक्स यांची एकच झुंबड उडे. २०१२ पासून तिला शिस्त लावण्यात आली. अर्ज जास्तीत जास्त ४५ करता येतात. रुग्णालयाने आपण होऊन विचारल्यावाचून उमेदवाराने तेथे संपर्क साधावयाचा नाही. जागा देऊ केली गेली, तर काही तासांतच उत्तर द्यावे लागते आणि दिलेला होकार बंधनकारक असतो.

येथेच प्रश्न उभा राहतो. ज्याने वर्षानुवर्षे शस्त्रक्रियेचा ध्यास घेतला, त्याच्यासमोर त्या शाखेच्या बहुधा एकेक वर्षाच्या तात्पुरत्या जागा असतात. पूर्ण प्रशिक्षणाच्या जागा असतात त्या कुटुंबवैद्यक, अंतर्वैद्यक, बालरोग अशा शाखांच्या. जाणते लोक सांगतात, अर्ज विचारपूर्वक वाटा, जेथे आशा आहे तेथे पाठवा, प्रत्येक शाखेसाठी निराळे आत्मनिवेदन लिहा. ही हिशेबी वृत्ती ख्रिस्ती मनुष्याला शोभते काय? पाचारण एका कामाचे असताना दुसऱ्या कामासाठी हात पुढे करणे हा अविश्वास नव्हे काय?

हिशेब करणे हे पाप नव्हे. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूनेच शिकवले (लूक १४:२८). पंचेचाळीसही अर्ज अशक्य जागांवर उधळून त्याला विश्वास म्हणणे, म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय. शिवाय, निवड न होणे हा आपल्या योग्यतेवरील देवाचा निवाडाही नव्हे. यहूदाच्या जागी प्रेषित नेमताना दोघे पुढे आणले गेले. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली, योसेफ बर्सबा राहिला (प्रेषित. १:२३-२६). तो अपात्र होता, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही.

तथापि हिशेबाला एक मर्यादा आहे, आणि ती त्या आत्मनिवेदनात आहे. “लहानपणापासून मला याच शाखेची ओढ होती,” असे कालपर्यंत दुसऱ्याच शाखेचे स्वप्न पाहणाऱ्याने लिहिले, तर ती खोटी साक्ष होय. “ही जागा मिळाली, तर मी हे काम मनापासून शिकेन,” असे लिहिले, तर ते वचन होय. साक्ष झालेल्या गोष्टीची असते, वचन पुढच्या गोष्टीचे. पूर्वी प्रीती नव्हती म्हणून वचन खोटे ठरत नाही. इसहाकाने रिबकेला पाहिले तेव्हा तिला आणणे आधीच ठरून गेले होते. त्याने तिला पत्नी करून घेतले आणि मग त्याची तिच्यावर प्रीती जडली (उत्पत्ति २४:६७). आपल्यातील कितीतरी सुखी संसार याच क्रमाने उभे राहिले आहेत.

मात्र वचन देताना ते पाळण्याचा हेतू असला पाहिजे. एक वर्षाच्या जागेत फसवणूक नाही; ती वर्षाची आहे हे उभयतांना ठाऊक असते. परंतु वर्षभराने निघून जायचे असा मनाशी बेत करून तीन वर्षांची जागा घेणारा, ती मनापासून हवी असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला डावलतो आणि पुढे रुग्णांनाही उणे पाडतो.

तसेच उरलेली जागा म्हणजे टाकाऊ जागा नव्हे. आकस्मिक चिकित्सेच्या शाखेत २०२२ मध्ये सुमारे २२० आणि २०२३ मध्ये साडेपाचशेहून अधिक जागा जुळणीनंतर रिकाम्या राहिल्या. त्या वर्षांत अपघात थांबले नव्हते. जागा उरते ती उमेदवारांच्या पसंतीने. रुग्णाची गरज त्यामुळे कमी होत नाही. रूथ ज्या शेतात शिरली तेथेही कापणाऱ्यांच्या मागे राहिलेली कणसेच वेचायची होती. ती आपणहून वेचायला गेली, तिने परवानगी मागितली, सकाळपासून खपली. पण आपण परकी आहोत हे लपवले नाही.

आता कठीण गोष्ट. सत्य लिहिणाऱ्याची जागा कदाचित जाईल आणि असत्य लिहिणाऱ्याला ती मिळेल. डोक्यावर कर्ज आहे, परवान्याची मुदत संपत आली आहे, घरी आईवडील वाट पाहत आहेत. अशा वेळी ही हानी लहान नसते. सचोटीचे फळ त्याच आठवड्यात हाती पडेल, असे आश्वासन शास्त्र देत नाही. ते एवढेच सांगते की, ज्याला आपण पुढे रुग्णाच्या खाटेशी खरे बोलायला लावणार, त्याने तेथे जाण्याची वाट खोट्याने उघडू नये.

यात मंडळीचाही वाटा आहे. परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींकडून “मनाजोगी शाखा मिळाली नाही, दुसरी मिळाली” असे कळले, तर आपण हळहळ व्यक्त करतो. त्या हळहळीच्या भयानेच पुष्कळांना खोटे लिहिण्याचा मोह होतो. तेव्हा आपण त्या जागेबद्दल देवाचे उपकार मानावेत. आणि काहीच न मिळालेल्याचे नावही प्रार्थनेत तितक्याच आदराने घ्यावे.