चक्रातला आपला वाटा

आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायावर. अन्नातून जीव, पावसातून अन्न, यज्ञातून पाऊस, कर्मातून यज्ञ.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मी म्हणायचो, "हवामान बदलतंच, निसर्गाचं चक्र आहे." आणि एसी लावायचो. इथलं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र कोळशावरच चालतं. सरकारचं नेट झीरोचं लक्ष्य २०७०. तोवर मी नुसता बसू?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलाचं काय करायचं, हे तिथं ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते.

सोळावा श्लोक सांगतो, हे चक्र जो पुढे चालवत नाही, त्याचं जगणं व्यर्थ. म्हणजे 'निसर्गाचं चक्र' म्हणून मला सुटका नाही. त्यात माझंही कर्म आहे.

आजपासून माझा एसी २६ वर. एवढी तरी आहुती. तुमची कोणती?