न पाहिल्याचे पाप

आपल्या धर्मशास्त्राने पापाचे दोन भेद मानले आहेत. एक जाणूनबुजून केलेले, दुसरे अजाणता घडलेले. दुसऱ्याचे प्रायश्चित्त सौम्य सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. माणसाच्या दृष्टीला मर्यादा असते हे शास्त्रकारांनी ओळखले होते. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार उभा राहतो आणि त्याचा विचार करणे आज आम्हांस अगत्याचे वाटते. ज्याला पाहता आले असते, पाहण्यास अवधी होता, साधने होती, तरीही ज्याने पाहिले नाही, कारण पाहिले असते तर हाती घेतलेले काम अडले असते, त्याचे अज्ञान कोणत्या सदरात घालावयाचे?

हा प्रश्न जमिनीच्या संदर्भात विचारावयाचा आहे. डोंगर फोडण्यापूर्वी, पठार सपाट करण्यापूर्वी, तेथे कोणते जीव राहतात, कोणती झाडे उगवतात, त्यांतील कोणती अन्यत्र नाहीत, हे पाहण्याचे कर्तव्य आपल्यावर आहे काय? असल्यास ते किती गांभीर्याने पाळावयाचे? शिरगावात राहणाऱ्याला हा केवळ पंडितांचा वाद वाटू नये.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाचांपाशी नकळत सूक्ष्म जीव मरतात, म्हणून गृहस्थाने नित्य पंचमहायज्ञ करावेत असा विधी आहे. केरसुणीखाली मेलेल्या मुंगीचा ज्यांनी हिशेब ठेवला, त्यांनी शेकडो एकर भूमी उलथून टाकणाऱ्या यंत्राविषयी काय म्हटले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. तथापि पंचसूनेचा दोष अटळ आहे म्हणून तो रोजच्या यज्ञाने फिटतो. जे टाळता येण्याजोगे होते त्याला ही सवलत लागू करता येईल असे आम्हांस वाटत नाही.

महाभारतातील खांडववनदाहाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. अग्नीची क्षुधा भागविण्यासाठी कृष्णार्जुनांनी ते अरण्य जाळू दिले. पळू पाहणारे प्राणी बाणांनी परत आगीत लोटले गेले. वाचले ते सहाच: मयासुर, तक्षकाचा पुत्र अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिले. पुढे याच मयासुराने पांडवांना अद्भुत सभा बांधून दिली. त्या सभेचे वर्णन आपण आवडीने ऐकतो. परंतु व्यासांनी कथा तेथे संपविलेली नाही. अश्वसेन कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाचा सूड घेण्यास आला, तक्षकाने अर्जुनाचा नातू परीक्षित याला दंश केला आणि परीक्षिताचा पुत्र जनमेजय याने सर्पसत्र मांडले. कित्येक निरूपणकार हा धागा सोडून देतात, याचे आम्हांस नवल वाटते.

याउलट सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत लाकूडतोडीचा विधी सांगितला आहे. घरासाठी झाड निवडताना पक्ष्यांची घरटी असलेले झाड वर्ज्य करावे, देवळातील व स्मशानातील झाडाला हात लावू नये. मूर्तीसाठी झाड तोडावयाचे तर आदल्या रात्री त्याची पूजा करून, त्यावर वास करणाऱ्या भूतांना बळी अर्पून, त्यांनी दुसरीकडे वस्ती करावी अशी विनंती करावी. यातील भूतप्रेतांची भाषा आज कोणाला पटो वा न पटो, आचाराचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी झाडाजवळ जावयाचे, ते निरखावयाचे, त्यावर कोणाची तरी वस्ती आहे असे गृहीत धरावयाचे, आणि मगच कुऱ्हाड हाती घ्यावयाची.

आमच्या गोमंतकात आजही विहीर खणण्यापूर्वी वा घराचा पाया घालण्यापूर्वी देवाचा कौल घेतात. पाकळ्या लावून गाऱ्हाणे घातले जाते आणि कोणती पाकळी पडते याकडे सर्वांचे डोळे लागतात. कौल आपल्या इच्छेविरुद्धही पडू शकतो, आणि पडला तर काम थांबते. नकार ऐकण्याची तयारी ठेवून विचारलेला प्रश्न तो. पुढील विवेचनात वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता कायद्याकडे वळू. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि संरक्षित जातींच्या अनुसूची बनल्या. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पूर्व-पर्यावरणीय मंजुरी बंधनकारक केली. त्या मंजुरीच्या अर्जात एक प्रश्न असे, जो कोणा कनवाळू माणसाने लिहिला असावा असे वाटते: या जागी वा तिच्या आसपास संरक्षित किंवा संवेदनशील प्राणी-वनस्पतींची विणीची, घरट्यांची, चरण्याची, विसाव्याची, हिवाळी मुक्कामाची वा स्थलांतराची ठिकाणे आहेत काय? वराहमिहिराचाच प्रश्न जणू सरकारी भाषेत आला. परंतु उत्तर लिहावयाचे ते प्रकल्प करू इच्छिणाऱ्यानेच, आणि अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञ संस्थेचे शुल्क देणाराही तोच. येथे कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याची आवश्यकता नाही. आपल्याच मुलाची परीक्षा घेणारा शिक्षक प्रामाणिक असला, तरी आपण ती परीक्षा दुसऱ्याकडे सोपवितो.

याचे जवळचे उदाहरण पेडणे तालुक्यातील मोपा पठाराचे. तेथील विमानतळाला २०१५ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अर्जात जी माहिती प्रकट करावयास हवी होती ती केली नव्हती, परिसरातील वने व संवेदनशील क्षेत्रे यांचा यथायोग्य उल्लेख नव्हता, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करावयास सांगितले. तोडावयाच्या झाडांचा आकडा ५४,६७६ होता. जानेवारी २०२० मध्ये अधिक अटींसह स्थगिती उठली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. विमानतळ व्हावा की न होवो हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. शिरगावातूनही पुष्कळ लोक तेथून प्रवास करतात. परंतु देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला ‘तुम्ही नीट पाहिले नाही’ असे सांगावे लागले, आणि ते सांगितले गेल्यावर फेरतपासणीला एक वर्षही लागले नाही.

मोप्यासारख्या पठाराला आपण सडा म्हणतो. चैत्र-वैशाखात सड्यावर गेलेल्या माणसाला काळवंडलेला जांभा दगड, करपलेले गवत आणि डोळे दिपविणारे ऊन यांखेरीज काही दिसत नाही. ‘पडीक’ असा शब्द तोंडी येतो आणि कागदोपत्रीही तोच चढतो. त्याच सड्यावर आषाढ-श्रावणात जावे. दगडाच्या उथळ खळग्यांत पाणी साचलेले असते आणि त्याच्या कडेने सीतेची आसवे निळीजांभळी फुललेली असतात. गेंदाची पांढरी बोंडे वाऱ्यावर डोलत असतात. मातीत सत्त्व अपुरे म्हणून चिकट थेंबांनी किडे धरून खाणारी दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती जमिनीला चिकटून असते. कोंकण-गोव्यातील सड्यांवाचून अन्यत्र न आढळणारी पांढऱ्या फुलांची दीपकाडी पावसाच्या प्रारंभी डोके वर काढते आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा आपल्या कंदात जाऊन निजते. सड्यात मुरलेले पाणी हळूहळू खाली उतरते आणि पायथ्याच्या झऱ्यांतून कुळागरांना मिळते. उन्हाळ्यातही सडा अगदीच रिकामा नसतो. टिटवी उघड्या दगडावरच अंडी घालते, आणि ती अंडी खड्यांपासून वेगळी ओळखण्यास सवयीचा डोळा लागतो. (टिटवी दुर्मिळ नव्हे, हे मान्य, परंतु जो तिची अंडी पाहू शकत नाही तो दुर्मिळ काय पाहणार?)

आणि आता कोणाला थट्टा वाटेल असा नियम सांगतो. खाणींच्या पर्यावरणीय अभ्यासासाठी एका ऋतूची मूळ नोंद पुरते, आणि तो ऋतू पावसाळ्याव्यतिरिक्त असावा असे ठरवून दिलेले आहे. हवेतील धूळ मोजावयाची तर यात तर्क आहे. पावसात धूळ बसते. परंतु त्याच मापाने सड्यावरचे जीवन मोजणे म्हणजे मध्यरात्री बाजारात जाऊन येथे व्यापार चालत नाही असा दाखला देणे होय. दाखला खोटा नाही. पाहणारा खरोखरच गेला होता आणि त्याला खरोखरच काही दिसले नाही.

अनुसूचीतील नावांवर विसंबण्यातही एक अडचण आहे. २०१८ साली गोव्यातील एका बेडकाचे शास्त्रज्ञांनी प्रथमच वर्णन केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘गोंयची’ हा आपला शब्द घातला. पठारे आणि भातशेते ही त्याची घरे. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्याचा आवाज मिरगाच्या रात्री ऐकला असेल. परंतु २०१८ पूर्वी तो कोणत्याही यादीत असणे शक्यच नव्हते. यादी ही माणसाच्या आजवरच्या ज्ञानाची वही आहे. तिच्यात नाव नाही म्हणून जीव नाही, असे म्हणता येत नाही.

शिरगावचे म्हणावे तर आमच्या डोंगरांत कित्येक दशके लोखंडाच्या खाणी चालल्या. त्या भूजलाच्या पातळीखाली गेल्या, विहिरी आटल्या, आणि तो प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले. पुढे ते काही काळ सुरू झाले, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने नूतनीकरण झालेले पट्टे रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने लिलाव झाले, आणि त्यांत शिरगावच्याच नावाचे दोन गट होते: शिरगाव-मये आणि मोंत-द-शिरगाव. आपली घरे, शेते आणि देवळे पट्ट्यातून वगळावीत ही ग्रामस्थांची मागणी सर्वश्रुत आहे. आम्हांस येथे क्रमाकडे बोट दाखवावयाचे आहे. लिलाव आधी झाला, किंमत ठरली, करार झाले. जीवसृष्टीचा अभ्यास आणि जनसुनावणी त्यामागून आली. पाकळी कोणतीही पडो, काम चालायचेच असे आधी ठरवून घेतलेल्या कौलाला आपल्यापैकी कोण कौल म्हणेल?

यावर एक उत्तर मिळते आणि ते हलके लेखता येत नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक-मालकांचे हप्ते थकले, गॅरेजे ओस पडली, मुलांची शिक्षणे अडली. अशा घरातील माणसाला दीपकाडीचे महत्त्व सांगणे हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, एका मर्यादेपर्यंत. माणसाची भाकरी आणि फुलाचे अस्तित्व यांचा खरोखर सामना झाला, तर निर्णय करणे अवघड आहे आणि कित्येकदा तो भाकरीच्या बाजूने जाईल. परंतु सामना आहे की नाही हेच न पाहता कळत नाही. पाहिल्यावर पुष्कळदा असे आढळते की रस्ता शंभर पावले बाजूने नेता येतो किंवा झऱ्याच्या माथ्यावरचा तुकडा सोडता येतो. आणि जेथे खरोखरच काही नष्ट करावे लागते, तेथे आपण काय नष्ट केले हे निदान ठाऊक असते. शिवाय ज्या ट्रक-मालकाचे नाव पुढे केले जाते, त्याच्याच घरची विहीर त्या झऱ्यावर जगत असते.

हे सर्व सरकारला आणि कंपन्यांना उद्देशून म्हणणे सोपे आहे. सत्तरीतील बांबर येथे निरंकाराची राय आहे. तेथील दलदलीत रानजायफळाची दुर्मिळ झाडे गुडघ्यांसारखी मुळे वर काढून उभी आहेत. शास्त्रज्ञ तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी केवळ देवाच्या धाकाने ती राय राखली गेली. असे पूर्वज आपल्याला लाभले. परंतु गेल्या काही वर्षांत गोमंतकातील किती देवस्थानांनी रायीचा कडेचा भाग साफ करून सभागृह, अग्रशाळा वा वाहनतळ उभारला, तळीचे जुने चिरेबंदी काठ काढून काँक्रीट घातले, प्रांगणातील शेवटचा मातीचा तुकडा फरशीने झाकला? हे करताना कोणी आधी पाहिले होते काय? जत्रेला गर्दी वाढते, सोयी हव्यात, हे खरेच. खाणवाल्याचे आणि विमानतळवाल्याचे म्हणणेही याहून फारसे वेगळे नसते.

म्हणून सभासद कुटुंबांपुढे आमची एक सूचना आहे. यापुढे देवस्थानाच्या जमिनीवर कोणतेही बांधकाम योजावयाचे झाल्यास आराखड्यापूर्वी ती जमीन एक पूर्ण वर्ष पाहावी, आणि त्या वर्षात आषाढ ते आश्विन हे महिने यावेतच. वनस्पतिशास्त्र जाणणारा कोणी महाविद्यालयातून बोलवावा. त्याच्याबरोबर गावातील गुराखी असावा, आणि पावसाळ्यात रानभाज्या खुडून बाजारात विकणाऱ्या बायांपैकी एकदोघी असाव्यात. कोणते पान कोणत्या पावसात कोठे येते हे त्यांना पाठ असते. रात्रीची एक फेरी मिरगात व्हावी, बेडकांचे आवाज टिपण्यासाठी. आढळलेले सर्व एका वहीत लिहावे, ती वही देवळात कोणासही पाहता येईल अशी ठेवावी आणि वार्षिक सभेत वाचली जावी. बांधकामाचा ठराव मांडावयाचा तो त्यानंतर, आणि ‘नको’ असे मत पडल्यास तो मागे घेण्याची मुभा ठेवून. सूचनेवरील आपली मते सभेपूर्वी लेखी कळवावीत.