कापूरहोळची धाराऊ आणि शोकाकुल मनाचा विसावा



दर्शनाच्या रांगेत दोन प्रकारचे यात्रेकरू असतात. काही जण नवस फेडावयास येतात. त्यांच्या हाती पेढ्यांचा पुडा असतो, बरोबर गोतावळा असतो, मुलांचा कलकलाट असतो. दुसऱ्या काहींना देवापाशी मागावयाचे असे काही उरलेले नसते, कारण ज्याच्यासाठी मागावयाचे ते माणूसच निघून गेलेले असते. ही मंडळी रांगेत मुकाट उभी राहतात, गाभाऱ्यापाशी पोहोचल्यावर हात जोडतात आणि काय बोलावे हे न सुचून बाजूला होतात. प्रस्तुतचे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत. इतरांनीही ते वाचावेत, कारण ही पाळी कोणाच्याच घरी चुकलेली नाही.

शोकग्रस्ताचे सांत्वन करणे हे फार नाजूक काम आहे आणि आपण ते बहुधा घाईने करतो. ‘देवाची इच्छा’, ‘जन्मास आला तो जाणारच’, ‘आता मुलांकडे पाहा’ ही वाक्ये खोटी नाहीत. परंतु ज्या दिवशी ती उच्चारली जातात त्या दिवशी ती ऐकणाऱ्याच्या कामाची नसतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. अर्जुन बोलतो, थरथरतो, धनुष्य टाकून रथात बसतो, आणि त्या संपूर्ण अध्यायात भगवंत जवळजवळ मौन राहतात. उपदेश पुढे येतो. आधी केवळ सोबत असते. सारथी रथ सोडून जात नाही. गीता सांगावयास बसणाऱ्या आम्हा प्रवचनकारांना हा पहिला अध्याय लवकर उरकून पुढे जाण्याची सवय आहे, हे येथे कबूल केले पाहिजे.

आपल्या गावांकडे हे शहाणपण रीतीच्या रूपाने टिकून आहे. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या घरांतून पिठले-भाकरी येते, कोणी न बोलता पाण्याचा हंडा भरून ठेवते. अंत्ययात्रा रस्त्याने निघाली की अनोळखी वाटसरूही पायांतील वहाणा काढून क्षणभर उभा राहतो, एखादा चार पावले खांदाही देतो. दहावा होतो, तेरावा होतो आणि मग पाहुणे आपापल्या गावी परततात. खरा कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. घर खायला उठते. घरातील माणसे एकमेकांना सावरू शकत नाहीत, कारण सर्वांवर ओझे एकच असते. पती पत्नीपासून डोळे लपवितो, पत्नी सासूसमोर हसून दाखविते, म्हातारी सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने जपमाळ ओढत राहते. अशा घरात जो दिलासा आत निर्माण होत नाही तो पुष्कळदा उंबऱ्याबाहेरून येतो. आणि आणणारे माणूस नात्याचे नसते, कधी कधी ओळखीचेही नसते.

हे सांगण्यासाठी फार दूर जावयास नको. पुण्याहून भोरकडे येणारे बहुतेक भाविक पुणे–सातारा महामार्गावरील कापूरहोळ या गावावरूनच येतात. येथून एक रस्ता भाटघर धरणाजवळून भोरला जातो, तर दुसरा बालाजी व नारायणपूरच्या दिशेने पुरंदरकडे वळतो. फाट्यावर गाड्या थांबतात, चहा होतो, आणि मंडळी पुढे जातात. या गावाने एका महान कुळातील लेकराला दूध पाजले आहे, हे त्या चहाच्या घोटाबरोबर किती जणांना आठवत असेल?

१४ मे १६५७ रोजी किल्ले पुरंदरावर महाराणी सईबाईंच्या पोटी संभाजीराजांचा जन्म झाला. फलटणच्या नाईक निंबाळकरांची ही कन्या लहान वयातच भोसल्यांच्या घरी सून म्हणून आली होती. तीन कन्यांनंतर पुत्र झाला, गडावर साखर वाटली गेली असेल, चौघडा वाजला असेल. परंतु बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली आणि बाळाला आईचे दूध पुरेना. तेव्हा शोध झाला तो दूध देणाऱ्या मातेचा, आणि ती मिळाली कापूरहोळात. गाडे-पाटील घराण्यातील धाराऊ हे तिचे नाव. तिला स्वतःची लेकरे होती. अंतोजी आणि रायाजी हे तिचे पुत्र इतिहासात संभाजीराजांचे दूधबंधू म्हणून ओळखले जातात. आपल्या घरचा उंबरठा ओलांडून ही पाटलीण गडावर गेली आणि परक्याचे मूल तिने छातीशी धरले.

येथे थोडे थांबावे असे वाटते. राजाच्या मुलाला दूध पाजणे हा मान होता, त्याचा मोबदलाही मिळत असेल, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. तथापि पगार घेऊन स्वयंपाक करता येतो, पहारा देता येतो; पगार घेऊन पान्हा फुटत नाही. तो फुटण्यासाठी बाळाचे रडणे आईच्या आत कोठेतरी पोहोचावे लागते. ज्या स्त्रियांनी मुले वाढविली आहेत त्यांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

पुढे ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंनी देह ठेवला. संभाजीराजे त्या वेळी जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. राजगडाच्या पायथ्याशी पाल येथे या माउलीची समाधी आहे. तो काळ आठवा. अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला, आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी घडलेला तो प्रसंग १० नोव्हेंबरचा. म्हणजे मधे अवघे दोन महिने. शिवाजी महाराजांना पत्नीचा शोक करण्यास सवडही नव्हती. राजा असो वा रंक, बायको गेली म्हणजे घराचा आधारखांब जातो. आणि या गृहस्थाला डोळे पुसून शत्रूच्या भेटीची तयारी करावयाची होती. दोन वर्षांच्या लेकराला मृत्यू म्हणजे काय हे कळत नाही. त्याला एवढेच कळते, की नेहमीचा एक आवाज येईनासा झाला. अशा वेळी त्या बाळाच्या भोवती जिजाऊसाहेबांची माया होती, आणि जिचे दूध पिऊन ते वाढले ती धाराऊही होती. धाराऊ ही नात्याने कोणी नव्हती. त्या दुधाने तिला नाते दिले.

हे नाते आपल्या देवाच्या घरीही आहे. देवकीने कारागृहात सहा पुत्र गमावले. तिच्या दुःखाला तोड नाही. ज्याला तिने जन्म दिला त्याला वाढविण्याचे सुख मात्र यशोदेच्या वाट्याला आले. भागवताची कथा ऐकताना आपण बाळकृष्णाच्या खोड्यांत इतके रमतो, की मथुरेत बसलेल्या देवकीचा विसर पडतो. पण तिच्या हृदयाला त्या वर्षांत काही आधार असेल तर तो हाच असेल, की यमुनेपलीकडे कोणीतरी आपल्या लेकराला वेळेवर जेवू घालीत आहे. महाभारतात अधिरथ नावाच्या सारथ्याला नदीच्या प्रवाहात पेटी सापडली. त्याची पत्नी राधा अपत्यहीन होती. पेटीतील मूल तिने उचलले, आणि कर्णाने आयुष्यभर राधेय हेच नाव भूषण मानले.

मथुरेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले तेव्हा नऊ वर्षांचे संभाजीराजे त्यांच्यासोबत होते. एवढ्या लहान मुलाला घेऊन वेगाने दौड करणे धोक्याचे होते. महाराजांनी मुलाला मथुरेत एका ब्राह्मण कुटुंबाच्या स्वाधीन केले; मोरोपंत पिंगळ्यांच्या नात्यातील त्रिमल बंधूंचे ते घर. पाठलाग थंडावा म्हणून मुलगा वाटेत वारला अशी आवई महाराजांनी स्वतःच उठविली, असे सांगितले जाते. जिवंत मुलाच्या मरणाची बातमी बापाने स्वतःच्या तोंडाने द्यावी, हा प्रसंग कल्पनेतही सोसवत नाही. इकडे आई नसलेले ते मूल, परमुलुखात, अनोळखी घरात, खरे नाव लपवून राहिले. त्या घराने जिवाची जोखीम पत्करून त्याला सांभाळले आणि काही महिन्यांनी सुखरूप राजगडावर आणून पोहोचविले. पूर्वी मथुरेतील बाळ परक्यांच्या घरी गोकुळास गेले होते; या वेळी सह्याद्रीतील बाळ परक्यांच्या घरी मथुरेस राहिले.

कोणी म्हणेल, ही राजेरजवाड्यांची आणि देवांची चरित्रे झाली, आमच्यासारख्या प्रापंचिकांचे काय? तर कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पाहावे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य उपचार मिळते तर मूल वाचले असते ही टोचणी त्या कोवळ्या मनाला लागली, आणि तिच्यातूनच वैद्यकीय शिक्षणाचा ध्यास उत्पन्न झाला. त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकेतील मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तेथील एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडले. हजारो कोसांवरील, वेगळ्या धर्माच्या, कधी न पाहिलेल्या मुलीला त्यांनी पत्र लिहिले. पत्रांमागून पत्रे गेली, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली बोटीने अमेरिकेस पोहोचल्या तेव्हा उतरवून घ्यावयास हीच मावशी आली होती. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, क्षयाने पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कारपेंटरबाईंकडे पाठविली आणि त्या बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, स्वतःच्या आप्तांशेजारी ठेवली. आपल्याकडे अस्थी नदीत विसर्जित करण्याची रीत आहे. पण ज्याने ही रक्षा समुद्रापलीकडे पाठविली त्या पतीला, तिचे खरे माणूस तिकडेही आहे असे वाटले असावे.

आपल्या पलीकडच्या पुरंदर तालुक्यात, सासवडजवळ कुंभारवळण येथे ममता बाल सदन आहे. ते उभारणाऱ्या सिंधुताई सपकाळ ४ जानेवारी २०२२ रोजी निवर्तल्या. सासरने टाकलेली, माहेरने न स्वीकारलेली ही स्त्री तान्ह्या मुलीला घेऊन रेल्वे स्थानकांवर गाणी म्हणून भिक्षा मागत असे. तेथेच तिला तिच्यासारखीच टाकलेली मुले भेटली. त्या स्वतः सांगत, की मरणाचा विचार मनात आला होता आणि दुसऱ्या कोणाच्या तरी भुकेने तो मागे सारला. पुढे त्या शेकडो मुलांच्या माई झाल्या. आपपरभाव होऊ नये म्हणून पोटच्या मुलीला त्यांनी दूर ठेवले. हा निर्णय सर्वांना पटेल असे नाही. मलाही तो वाचताना दर वेळी कळ उठते. पण त्यांच्या अनाथ लेकरांना माई सर्वांची सारखीच मिळाली.

या सर्व चरित्रांत एक गोष्ट ध्यानात येते. परका माणूस आपल्याला उपदेश करून सावरत नाही. त्याला आपली काहीतरी गरज असते, किंवा आपल्याला त्याची. आणि गरजेच्या निमित्ताने हात पुढे होतो. शिवाय परक्यासमोर धीराचे सोंग आणावे लागत नाही. घरी ज्याच्यापुढे अश्रू आवरले त्याच माणसाने मंदिराच्या ओवरीत शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्यापाशी मन मोकळे केल्याचे आम्ही अनेकदा पाहतो. म्हातारा काही बोलत नाही. फार तर विचारतो, “कुठल्या गावचे, बाबा?” आणि थोड्या वेळाने स्वतःचे सांगू लागतो.

देणगीदार बंधू-भगिनींना येथे एक नम्र विनंती करावीशी वाटते. मंदिरांच्या पायऱ्यांवर, बाकांवर, पाणपोयांवर आपण नावे वाचतो: अमुक यांच्या स्मरणार्थ. ही नावे केवळ प्रसिद्धीसाठी असतात असे टीकाकार म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. त्या प्रत्येक फरशीखाली एका घराचा हुंदका आहे. ज्याला आता पाणी देता येत नाही त्याच्या नावाने कोणा तहानलेल्याला पाणी मिळावे, ही त्यामागील भावना आहे, आणि ती शुद्ध आहे. परंतु पावती घेऊन लगेच गाडीत बसू नये. महाप्रसादाच्या वेळेपर्यंत थांबावे आणि पंक्तीत एक वाढप स्वतःच्या हाताने करावी. भाताची परात जड असते, कंबर दुखते, आणि पंक्तीच्या टोकाला बसलेले एखादे पोर “आजोबा, अजून वाढा” म्हणते. ज्याचा नातू गेला आहे त्याला ती हाक कशी ऐकू येते हे आम्ही लिहून सांगू शकत नाही.

शोक पूर्णपणे मावळतो असे आश्वासन आम्ही कोणास देत नाही. शास्त्रेही देत नाहीत. वर्षश्राद्ध दर वर्षी येते याचा अर्थच हा, की आठवणीला पूर्वजांनी जागा राखून ठेवली आहे.

आपल्यापैकी ज्यांना राजगडाकडे जावयाचे असेल त्यांनी नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडील रस्ता धरावा. नसरापुरास श्री बनेश्वराचे दर्शन घ्यावे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविलेले हे देवालय गर्द झाडीत आहे आणि तेथे मन शांत होते. गड चढण्यापूर्वी पाल येथे सईबाईंच्या समाधीपाशी क्षणभर उभे राहावे, दोन फुले वाहावीत. आणि परतीच्या वाटेवर सवड असेल तर कापूरहोळात थांबावे. चहा घेताना शेजारच्या बाकावर कोणी एकटे बसलेले दिसले, तर त्यांना थोडे सरकून जागा द्यावी.

॥ शुभं भवतु ॥