कळ आणि कळणं

औषधशास्त्राचे शोधनिबंध वाचताना माझी नजर आधी 'साहित्य आणि पद्धती' या कंटाळवाण्या भागाकडे जाते. निष्कर्षांत सगळेच ऐटीत असतात. यंत्र कुठलं वापरलं आणि आणलं कुठून, हे मात्र इथेच समजतं. अमुक पाल्याच्या अर्कानं उंदराचं दुखणं कमी होतं का, असा काहीतरी विषय असतो. 'हॉट प्लेट ॲनाल्जेसिओमीटर' या लांबलचक नावापुढे कंसात 'ऑर्किड सायंटिफिक, नाशिक' असं छापलेलं दिसलं, की मी थबकतो. सीमेन्स, क्रॉम्प्टन, ग्लॅक्सो यांच्या कारखान्यांनी ओळखली जाणारी आमची अंबडची एमआयडीसी. तिथे दुखणं मोजायची यंत्रंही घडतात.

यंत्र दिसायला साधं. धातूची सपाट प्लेट, ५५ अंश सेल्सिअसवर अर्ध्या अंशाच्या फरकानं स्थिर ठेवलेली. तिच्यावर पारदर्शक नळकांडं, आणि सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाला जोडलेलं, पायानं दाबायचं बटण. उंदीर आत सोडला की घड्याळ सुरू. त्यानं पंजा चाटला किंवा उडी मारली की बटण दाबायचं. १९४४ मध्ये वुल्फ आणि मॅकडोनाल्ड यांनी ही रीत मांडली, १९५३ मध्ये एडी आणि लायंबाख यांनी ती घोटून पक्की केली; प्रयोगशाळेत तिला अजून 'एडीज हॉट प्लेट'च म्हणतात. मॉर्फीन टोचलं की आकडा लांबतो. ॲस्पिरिनची मात्र ही प्लेट फारशी दखल घेत नाही. त्याच्यासाठी पोटात विरळ ॲसेटिक आम्ल टोचून उंदीर किती वेळा पोट आवळून अंग ताणतो ते मोजतात.

म्हणजे यंत्र दुखणं मोजतच नाही. चटका आणि त्याला दिलेलं उत्तर यांच्यामधला उशीर तेवढा मोजतं. त्या उशिरात काय घडलं, ते त्याला ठाऊक नाही. याहून जुनी, १९४१ सालची डी'आमोर आणि स्मिथ यांची रीत तर आणखी कोड्यात टाकते. शेपटीवर प्रखर दिव्याचा झोत सोडायचा, शेपटी झटकली की वेळ टिपायची. पण मज्जारज्जूची मेंदूकडे जाणारी वाट तोडली, तरी शेपटी झटकतेच. शेपटीला पोचलं, उंदराला कळलं का?

मराठीनं इथे एक खोच मारून ठेवली आहे. पोटात येते ती कळ, आणि डोक्यात शिरतं ते कळणं. संस्कृतातही वेदना आणि वेद हे दोन्ही शब्द 'विद्' या धातूचेच, आणि विद् म्हणजे जाणणं.

अंबडहून पाथर्डी फाट्याकडे निघालं की समोर त्रिरश्मीचा डोंगर दिसतो. त्यावरच्या पांडवलेण्यांत पांडवांचं काही नाही. ही २४ बौद्ध लेणी. ज्यांनी ती वापरली त्या भिक्खूंच्या शिकवणीत वेदना म्हणजे फक्त दुखणं नव्हे. सुखाची, दुःखाची आणि धड ना सुखाची ना दुःखाची, अशा तिन्ही जाणिवा वेदनाच. लेणं क्रमांक १० मध्ये आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेनं आजारी भिक्खूंच्या औषधासाठी पैसे ठेवले, ते नाशिकच्या कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यात तेली होते आणि 'ओदयंत्रिक' होते, म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे. यंत्र करणाऱ्यांकडे पैसा, त्याच्या व्याजावर दुसऱ्याच्या दुखण्याला औषध. या परिसराचा हा धंदा जुनाच म्हणायचा.

आणि तासाभराच्या वाटेवर इगतपुरी. सत्यनारायण गोएंकांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात माणसं तासभर न हलता बसायचं ठरवतात. गुडघ्यात आग होते, ती पाहायची. पाय हलवायचा नाही. तिथेही वाढवायचा असतो तो उशीरच, जाणीव आणि प्रतिक्रिया यांच्यामधला. फरक एवढाच, की इगतपुरीला माणूस आपल्या पायानं जातो. उंदराला कोणी विचारलेलं नसतं. ही तुलना फार ताणू नये, हे मला समजतं. पण आकड्यांच्या रकान्यापुरते साधक आणि मॉर्फीन दिलेला उंदीर सारखेच दिसतील, हा विचार काही केल्या जात नाही.

आकड्याला भुलू नये याचं आणखी एक कारण २०१४ मध्ये पुढे आलं. मॉन्ट्रियलच्या जेफ्री मोगिल यांच्या गटाला आढळलं, की प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदरांचं दुखणं कमी भरतं. पुरुषानं घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तेच. धास्तीनं वेदना दबते. घड्याळ बिनचूक चालत होतं. बदलत होता तो खोलीतला वास.

या यंत्रातली मला आदरानं पाहावीशी वाटणारी गोष्ट एकच: कट-ऑफ. ५५ अंशांवर तो बहुधा १५ सेकंदांचा ठेवतात. उंदरानं काहीच केलं नाही तरी तेवढा वेळ झाला की त्याला उचलायचं, नाहीतर पंजे भाजतील. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, संस्थांच्या नीतिसमित्या, हे सगळं प्लेटपाशी येताना एवढ्याशा आकड्यात मावतं. आता बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात हे प्रयोग सॉफ्टवेअरवर आणि व्हिडिओवर दाखवतात. पडद्यावरचा उंदीर भाजत नाही. बरंच झालं.

आमच्या वेळी प्लेट खरी होती. उंदराला हात लावण्याआधी सरांनी माझा तळवा तिच्यावर ठेवायला लावला आणि स्वतः बटणावर पाय ठेवून उभे राहिले. हात उचलला तेव्हा मला वाटलं, बराच वेळ झाला. घड्याळात तीन सेकंदही नव्हते. मी थट्टेनं तो आकडा जर्नलच्या पहिल्या ओळीत लिहिला. सरांनी खोडला नाही. पुढच्या रकान्यात लाल शाईनं फक्त लिहिलं: 'औषध दिलेलं नाही.'