रानपिंगळा

सातपुड्याच्या सागबनात, कोवळ्या उन्हात, उघड्या फांदीवर एक छोटं घुबड बसतं. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक दिसतात. याचं डोकं जवळजवळ कोरं, तपकिरी. हा रानपिंगळा. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. संपला, असंच धरलं गेलं. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना तो शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, दिसला. एकशे तेरा वर्षांनी! आपल्याच खानदेशात!

त्याला बघायला यावलच्या जंगलात कॅमेरा घेऊन जाल, तर लांबच थांबा. ढोलीत पिल्लं असतील, तर फोटो राहू द्या. शेपटी डावी-उजवीकडे झटकत तो सरड्यावर नजर लावून बसलेला असेल; त्याला बसू द्या.