विचारणाऱ्याची वही
आमच्या वरवंडाशेजारील शिरूर तालुक्यांत जातेगांव बुद्रुक आहे. तेथील शेतजमीन व कर्ज ह्यांची चौकशी करून डॉ. हॅरल्ड मॅन व रा. कानिटकर ह्यांनीं १९२१ सालीं ग्रंथ छापिला. काम उपयोगी खरें. परंतु असें कर्ज सांगणाऱ्यास सावकाराच्या दारीं पुन्हां जावेंच लागतें, विचारणारा मात्र वही घेऊन पुण्यास परततो. दाविदानें शिरगणती केली तेव्हां मरी राजवाड्यावर नव्हे, प्रजेवर आली.

आजही विद्यार्थी वह्या घेऊन खेड्यांत येतात. त्यांनीं अंधार पडल्यावर परक्या वस्तींत एकटें हिंडूं नये, हें योग्यच. पण ज्या विधवेनें ओसरीवर बसवून चहा दिला, तिचें नांव वहींत राहावें कीं खोडावें? माझ्या मतें तें तिलाच विचारावें, आणि तेंही पहिल्या प्रश्नाच्या आधीं.